इंद्याल

मेक्सिकन पद्धतीचं झणझणीत बीफ स्लो कुकरमध्ये करतात, तेव्हा वाळक्या मिरच्या भिजवून लसूण, जिरं आणि व्हिनेगरसोबत वाटतात. ते वाटण मांसाला चोळायचं आणि सहा-आठ तास मंद आचेवर ठेवून द्यायचं. काट्याने नुसतं ओढलं तरी धागे सुटले पाहिजेत. हे वाटण गिरगावात खोताच्या वाडीतल्या कुणाही ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाईला दाखवा, ती म्हणेल, हे तर आमचं इंद्याल! काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, हळद, शिरका. मांस बहुधा डुकराचं, कधी बीफ. रात्रभर मुरवायचं, सावकाश रटरटू द्यायचं आणि खरं तर दुसऱ्या दिवशी खायचं. (मुंबईत बीफ म्हणजे आता म्हशीचं मांस, कारण २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदी आहे.)

या दोन वाटणांतलं साम्य योगायोगाचं नाही. मांस आंबटात आणि लसणीत मुरवून टिकवायची रीत स्पेन-पोर्तुगालची. स्पॅनिश लोकांनी ती पश्चिमेला मेक्सिकोत नेली, पोर्तुगीजांनी पूर्वेला आपल्या किनाऱ्यावर आणली. पोर्तुगीजांच्या पदार्थाचं नाव ‘विन्या दाल्यूश’: ‘विन्यो’ म्हणजे वाइन, ‘आल्यूश’ म्हणजे लसूण. गोव्यात त्याचं विंदालू झालं, मुंबई-वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत इंद्याल. विंचवाचा इंचू आणि विस्तवाचा इस्तू करणाऱ्या किनाऱ्याच्या जिभेने इथेही ‘वि’चा ‘इ’ केला असावा, असं मला वाटतं. याच समाजाने पुढे गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपली संघटना काढली.

हॉटेलातल्या विंदालूत बटाट्याच्या फोडी तरंगताना दिसल्या की वाईट वाटतं. कुणीतरी ‘आल्यूश’चा ‘आलू’ ऐकला आणि लसणीचा मान बटाट्याला दिला.

बटाटा मात्र अमेरिकेतलं नाव घेऊन आला, उसनं का होईना. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा रताळ्यासाठीचा ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे पोचला आणि रुजला. काजू आणि अननस ब्राझीलच्या तुपी भाषेतून तसेच आले. मग पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली मिरची आपलं नाव का विसरली? मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत ती ‘चिल्ली’. आपण तिला मिरची म्हटलं ते मिरीवरून, संस्कृत ‘मरिच’वरून. कारण स्पष्ट आहे: बटाट्याची जागा आपल्या ताटात रिकामी होती, तिखटाची नव्हती. तिथे मिरी आधीपासून बसलेली होती, आणि नवी फळं तिच्याच कुळातली समजली गेली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघींचं काहीच नातं नाही. पोर्तुगीजांनीही हेच केलं. त्यांची ‘पिमेंता’ मुळात मिरीच. पुढे मराठीने त्याहून मोठी गोष्ट केली. ‘तीक्ष्ण’वरून आलेलं ‘तिखट’ हे चवीचं नाव तिने लाल पुडीलाच देऊन टाकलं. आज घरात ‘तिखट संपलं’ म्हटलं की मिरीची आठवणही कुणाला होत नाही.

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात गेलं, की कांडपाच्या खाटखुटीत आणि नाकाला झोंबणाऱ्या धुळीत ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, गुंटूर अशी मिरच्यांची नावं कानावर पडतात. सगळी इथल्या मुलखांची. आणि मिरचीचं मूळ मेक्सिकन नाव? तेही अखेर मुंबईत पोचलं, खूप उशिरा, स्पॅनिश आणि इंग्रजीचा फेरा घेऊन. लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावरच्या चायनीजच्या गाड्यांवर ते ठळक रंगवलेलं असतं: चिली चिकन.