माध्यमिक शाळांतील विद्यार्थिमंडळे : एक ऐतिहासिक समालोचन

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांत गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली छापण्याचा प्रघात आहे, आणि ती वाचून प्रत्येक ज्ञातिबंधूस व भगिनीस समाधान वाटते. ते वाटणे स्वाभाविकच होय. परंतु त्या नामावलीत प्रत्येक नावापुढे जो आकडा असतो, तो केवळ परीक्षेतील गुणांचा असतो. शाळेच्या वक्तृत्वसभेचे चिटणीसपद कोणी सांभाळले, हस्तलिखित मासिक कोणी चालविले, बालवीर पथकात कोणी सेवा केली, याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. पुष्कळ घरांत तर या गोष्टींना रिकामपणचे उद्योग असेच नाव आहे. या उद्योगांनी आपल्या समाजाच्या घडणीत कोणते कार्य केले, याचा इतिहासाच्या आधारे विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ आम्ही मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनपासून करतो. त्या काळी तेथे शाळा व महाविद्यालय अशी दोन्ही अंगे एकाच संस्थेत नांदत होती. १८४८ साली तेथील अध्यापकांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थ्यांनी व नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही मंडळी स्थापन केली. निबंध वाचावेत, शास्त्रीय व सामाजिक विषयांवर चर्चा करावी, असा तिचा साधा हेतू होता. इंग्रजीतील चर्चेचा लाभ थोड्यांनाच होतो हे ध्यानी येताच देशी भाषांतून ज्ञानप्रसार करण्यासाठी तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी भूषविले, आणि तिच्याच प्रयत्नांतून १८५० साली 'ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले.

परंतु या मंडळीचे खरे मोठेपण यापुढे आहे. स्त्रीशिक्षणावर निबंध वाचून व चर्चा करून ही तरुण मंडळी स्वस्थ बसली नाहीत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली होती. मुंबईत १८४९ साली या विद्यार्थिमंडळीने मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. शिक्षकांना वेतन देण्याइतका पैसा मंडळीजवळ नव्हता. म्हणून सभासदच सकाळच्या वेळी मुलींना शिकवीत आणि नंतर आपापल्या नित्याच्या कामास जात. त्यांत दादाभाई नौरोजी होते. त्यांचे वय त्या वेळी अवघे चोवीस वर्षांचे होते. नाना शंकरशेट यांनी आपल्या जागेत मुलींच्या शाळेस आश्रय दिला, तर पारशी मुलींच्या शाळांना कामा घराण्यातील गृहस्थांनी आर्थिक साहाय्य केले. लोकनिंदेचे भय दोघांनाही होतेच. तरुणांचे श्रम आणि वडीलधाऱ्यांचे द्रव्य यांचा असा संयोग झाला, म्हणूनच ते कार्य टिकले. ज्या चर्चामंडळास कोणत्याही परीक्षेत एक गुणही मिळत नव्हता, त्याच्या पोटी मुंबईतील स्त्रीशिक्षणाची एक मोठी परंपरा जन्मास आली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

पुढे शाळाशाळांतून वक्तृत्वसभा, वाचनालये व खेळांचे संघ रूढ झाले. सार्वजनिक गणेशोत्सवास १८९३ पासून नवे रूप आले, आणि त्यातील मेळ्यांत व व्याख्यानांत विद्यार्थी मोठ्या उत्साहाने भाग घेऊ लागले. विद्यार्थी एकत्र जमून विचार करू लागले की राज्यकर्त्यांस चिंता वाटते, याचाही प्रत्यय लवकरच आला. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ साली बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले आणि १९०७ साली हिंदुस्थान सरकारचे रिस्ले परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांपासून दूर राहावे, अन्यथा शाळांचे अनुदान व विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या धोक्यात येतील, असा त्यांचा रोख होता. शाळेनंतरच्या सभेचे सामर्थ्य कित्येक पालकांच्या आधी सरकारने ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

बालवीर चळवळीचा वृत्तान्त याच संदर्भात बोधप्रद आहे. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले, आणि १९०९ च्या सुमारास ही चळवळ हिंदुस्थानात आली. परंतु प्रारंभी तिच्यात युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. आपल्या मुलांना दार बंद होते. त्यावर तक्रारअर्ज करीत बसण्यापेक्षा आपल्या पुढाऱ्यांनी स्वतंत्र पथके उभारली. १९१६ साली मद्रासेकडे अ‍ॅनी बेझंटबाईंनी हिंदी मुलांसाठी बालवीर संघटना काढली. उत्तरेकडे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांच्या परिश्रमाने सेवा समितीची पथके निर्माण झाली. यात्रेतील गर्दी आवरणे, हरवलेल्या मुलांना घरी पोहोचविणे, रोगाच्या साथीत शुश्रूषा करणे, ही कामे या पथकांतून मुले शिकली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन भारत स्काउट्स ही संस्था झाली व १९५१ साली मुलींची गाइड संघटनाही तीत सामील झाली.

महाराष्ट्रापुरते पाहू जाता या विषयात वसतिगृहांचा वाटा फार मोठा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली, आणि पुढे त्यांच्या आश्रयाने तेथे अनेक ज्ञातींची वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलास दोन वेळचे अन्न व निवारा मिळाला, तरच हायस्कुलाचे दार त्यास उघडे होते. अशाच एका ज्ञातीच्या बोर्डिंगात राहून भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व ज्ञातींची मुले एका पंक्तीस जेवत होती. स्वयंपाक, दळण, शेतकाम ही सारी कामे मुलेच करीत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, दिले. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट देऊन त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले. ज्ञातीच्या आश्रयाने जो विद्यार्थी शिकला, त्याने आपले दार सर्वांस उघडले. ज्ञातिसंस्थेने केलेल्या साहाय्याचे याहून उत्तम फळ आम्हांस तरी ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण खानदेशातील अमळनेरचे. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ साली शिक्षक झाले व छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, ही कामे ते स्वतः करीत. त्या छात्रालयात त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. शिकवून दमलेला शिक्षक रात्री जागून ते स्वहस्ते लिही, आणि सकाळी मुले त्याची वाट पाहत. थोर पुरुषांची चरित्रे, जगातील घडामोडी व छात्रालयातील नित्याच्या गोष्टी त्यात येत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही चालविले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तेथे ही सहा वर्षे संपली. एक दौत, काही कागद आणि एक आस्थेवाईक शिक्षक एवढ्या सामग्रीवर हा उपक्रम उभा होता.

स्वातंत्र्योत्तर काळात या गोष्टींना शासनाची मान्यता मिळाली. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या आपल्या अहवालात असे उपक्रम हे शिक्षणाचेच अंग मानले व शिक्षकांनी त्यांस ठराविक वेळ द्यावा अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास व अभ्यासेतर असा कठोर भेद ठेवू नये असे म्हटले आहे. तत्त्व मान्य होऊन इतकी वर्षे लोटली, तरी व्यवहार मात्र निराळाच दिसतो. दहावीचे वर्ष आले की मुलाचा खेळ बंद होतो, मुलीचे गाणे थांबते आणि सायंकाळ शिकवणीच्या वर्गात जाते. क्रीडा व कला यांतील प्रावीण्यासाठी सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून या उपक्रमांना पालकांचा विरोध थोडा कमी झाला, हे खरे. परंतु प्रमाणपत्र हाती पडताच पेटी माळ्यावर जाते, असेही आम्ही पाहतो.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच आहे. गणवेश, सहलीची वर्गणी, वाद्य, खेळाचे साहित्य या सर्वांस पैसा लागतो, आणि सराव आटोपून घरी परतण्यास उशीर होतो. त्यामुळे गरीब मुले व खेड्यातून येणाऱ्या मुली या उपक्रमांपासून आपोआप दूर राहतात. शाळा त्यांना नाही म्हणत नाही. घरची परिस्थितीच नाही म्हणते. ज्या सभेत १८४९ साली मुलींच्या शिक्षणाचा विचार झाला, तशा सभेत आज मुलगीच शेवटची एस.टी. चुकेल म्हणून बसू शकत नसेल, तर तो इतिहास आपण केवळ मिरविला, पुढे नेला नाही.

म्हणून ज्ञातिसंस्थांच्या चालकांपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पारितोषिक निधीतील काही भाग परीक्षेतील गुणांशी संबंध न ठेवता विद्यार्थिमंडळात निष्ठेने काम करणाऱ्यांसाठी राखावा. गणवेश, शिबिर व प्रवास यांच्या खर्चासाठी गरजू मुलामुलींस, विशेषतः मुलींस, साहाय्य द्यावे. आणि ज्या बंधुभगिनींस द्रव्य देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातील एक तास जवळच्या शाळेस द्यावा. कोणी वादसभा चालवावी, कोणी तबला शिकवावा, कोणी पुस्तके वाचून दाखवावीत. हे करताना आपल्या ज्ञातीची मुले व इतरांची मुले असा भेद करू नये, हे साताऱ्याच्या पंक्तीने आपणांस शिकविलेच आहे.

मुंबईच्या त्या तरुणांजवळ सकाळचे काही तास होते, नाना शंकरशेट यांच्याजवळ जागा होती, अमळनेरच्या शिक्षकाजवळ रात्र होती. प्रत्येकाने आपल्याजवळ होते ते दिले. आपणांपैकी प्रत्येकाजवळही काही ना काही आहेच. ते कोणत्या शाळेच्या, कोणत्या मंडळाच्या उपयोगी पडेल याचा विचार पुढील स्मरणिका निघण्यापूर्वी व्हावा, आणि तिच्यातील नामावलीत गुणांच्या आकड्याबरोबर सेवेचीही नोंद यावी, अशी आशा व्यक्त करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.