मूठ (शस्त्रे व हत्यारे)

चाकू, कट्यार, तलवार, रिव्हॉल्व्हर इत्यादींचा हातात धरावयाचा भाग म्हणजे मूठ. ती लाकूड, शिंग, हाड, हस्तिदंत अशा नैसर्गिक किंवा बेकलाइट, मिकार्टा, रबर अशा कृत्रिम पदार्थांची करतात.

इतिहास

मराठ्यांच्या तलवारीची मूठ बहुधा लोखंडी असे व आतून तिला कापडाची गादी लावीत. पाते मुठीत लाखेने पक्के करीत. मुघल खंजिरांस मात्र हस्तिदंताच्या किंवा यशब या मौल्यवान दगडाच्या मुठी आढळतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांबरोबर अडकित्त्यांचाही मोठा संग्रह आहे. धरावयाच्या भागावर कारागीर किती मेहनत घेत, हे त्यांतही दिसते.

हस्तिदंताची पहिली यशस्वी नक्कल सेल्युलॉइडची. ते ज्वालाग्राही असून जुने झाल्यावर त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी पाते गंजते. वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या मुठींना व्हल्कनाइट हे कठीण रबर वापरीत.

गुणधर्म

लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे रिपिटा ढिल्या होतात, फटीत पाणी शिरते आणि पाते आतून गंजते. शिसवीसारखे घट्ट लाकूड तेल दिल्यास दीर्घकाळ टिकते. घरातील सुरी रात्रभर पाण्यात पडून राहणार असेल, तर कोणत्याही लाकडाचा उपयोग नाही. मिकार्टा म्हणजे राळेत भिजवून दाबलेले कापडाचे वा कागदाचे थर. ते ओलाव्यास फारसे दाद देत नाही, मात्र कापताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. रिव्हॉल्व्हरला बसविलेली रबराची मूठ बाराचा धक्का काहीशी शोषते.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील 1986 च्या दुरुस्तीने भारतीय आणि 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हस्तिदंती मुठीची कट्यार वारशाने मिळाल्यास 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावे लागते. पुष्कळ घरांत ही गोष्ट ठाऊक नसते.

ओळख

हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक काळसर छिद्रे दिसतात, तर सेल्युलॉइडवरील रेषा सरळ व समांतर असतात. तापविलेली सुई टोचून परीक्षा करण्याची रीत टाळावी; सेल्युलॉइड असल्यास ते पेट घेते.