गालिच्यावरील मेणाचा डाग

दिवे अकस्मात् जातात, मेणबत्ती लावली जाते, आणि ती एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेतांना दोनचार थेंब गालिच्यावर पडतात. अनुभवी गृहिणी अशा वेळीं घाई करीत नाहीं. मेण थंड होऊन कडक झालें कीं ती तें बोथट सुरीनें खरवडून काढते. मग डागावर टिपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवते. उरलेलें मेण वितळून कागदांत शिरतें. हा उपाय आज फार साधा वाटतो. परंतु तो इतका साधा होण्यापूर्वीं मेणबत्तीलाच बदलावें लागलें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपांत मधमाशांच्या मेणाच्या बत्त्या मुख्यतः चर्चमध्यें आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जळत. इतर घरांत गुरांच्या व मेंढ्यांच्या चरबीच्या बत्त्या असत. त्यांना धूर व दुर्गंधी फार. वातही पुनःपुन्हां कातरावी लागे. गालिच्याच्या दृष्टीनें त्यांचा दोष याहून मोठा होता. चरबी पुरतेपणीं कडक होत नाहीं. तिच्यांतील तेलकट अंश लोंकरीच्या धाग्यांत मुरतो, त्यावर धूळ बसते आणि कालांतरानें तो खवट होतो. असा डाग केवळ खरवडून निघत नसे. लोंकरींतलें तेल काढण्यास तेल शोषणारी माती वापरावी लागे.

ह्या चरबीचें स्वरूप उलगडलें तें मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें. साबणाच्या एका नमुन्याचें पृथक्करण करतां करतां तो चरबीच्या अभ्यासाकडे वळला, आणि १८२३ मध्यें त्यानें आपलें संशोधन ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. चरबी हा एकच एक पदार्थ नव्हे. ग्लिसरीन आणि निरनिराळीं अम्लें यांचा तो संयोग आहे, असें त्यानें दाखविलें. त्यांपैकीं स्टिअरिक अम्ल सुमारें ६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत घट्ट राहतें, तर ओलेइक अम्ल साधारण उष्णतेंतही पातळ असतें. हा पातळ भाग दाबून काढून टाकला कीं कडक व स्वच्छ बत्ती तयार होते. १८२५ मध्यें शेव्ह्रल व गे-ल्युसॅक यांनीं अशा बत्त्यांचें पेटंट घेतलें; १८३१ च्या सुमारास द मिल्ली यानें पॅरिसमध्यें त्यांचा धंदा ऊर्जितावस्थेस आणला.

योगायोग असा कीं, हाच शेव्ह्रल १८२४ पासून पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यांत रंगशाळेचा प्रमुख होता. राजवाड्यांसाठीं गालिचे विणणारा साव्होनरी कारखाना त्याच दशकांत गोबेलँमध्यें विलीन झाला. साव्होनरी म्हणजे साबणाचा कारखाना. जुन्या साबणशाळेंत सुरू झाल्यामुळें त्यास तें नांव पडलें होतें. बत्ती सुधारणाऱ्या माणसाचें आयुष्य असें गालिच्यांच्या सान्निध्यांत गेलें.

पुढें १८५० मध्यें जेम्स यंग यानें दगडी कोळशापासून पॅरेफिन काढण्याचें पेटंट घेतलें. नंतर तें खनिज तेलापासून विपुल मिळूं लागलें. आजच्या बहुतेक मेणबत्त्या पॅरेफिनच्याच असतात, आणि तें बहुधा ७० अंशांच्या आंतच वितळतें. म्हणून कडकडीत इस्त्रीची मुळींच जरूर नाहीं. तशा इस्त्रीनें लोंकर करपते, कृत्रिम धागा तर वितळूनच जातो. मेण रंगीत असल्यास उष्णतेनें त्याचा रंग धाग्यांत पसरण्याचें भय असतें. तेव्हां होईल तितकें मेण थंड असतांनाच काढावें. चरबीच्या बत्तीला नसलेला घट्टपणा आजच्या मेणाला आहे. डाग काढणाऱ्यानें प्रथम त्याचाच लाभ घ्यावा, इस्त्रीचा क्रम त्यानंतर.