किर्लोस्कर नाटक मंडळी आणि बालगंधर्वांची जडणघडण (१९०५–१९१३)

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यातील बराच भाग दैवी गळा आणि देखणे रूप यांच्या गौरवात खर्ची पडला आहे. ‘बालगंधर्व’ ही उपाधी बालवयातील गाण्याला मिळालेली होती, अभिनयाला नव्हे. नट म्हणून त्यांची घडण किर्लोस्कर नाटक मंडळीत झाली, हे त्या गौरवात झाकोळले जाते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये उभ्या केलेल्या या मंडळीचे प्रमुख आकर्षण असलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. ती पोकळी भरून काढण्याची जबाबदारी १९०५ मध्ये सतरा वर्षांच्या नारायणरावांवर आली. मिरज येथे ते प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले. भाऊरावांनी गाजविलेल्या भूमिकांतच नव्या नटाची परीक्षा होणार होती, आणि तुलना अटळ होती.

अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांकडे होती. देवल हे अण्णासाहेबांच्या हाताखाली तयार झालेले. त्यामुळे मूळ परंपरा त्यांच्यामार्फत थेट पुढच्या पिढीकडे आली. गायनाची तालीम भास्करबुवा बखले यांनी दिली. हे बुवा स्वतः बालपणी याच मंडळीत होते आणि आवाज फुटल्यावर अभिजात संगीताकडे वळले होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. मंडळीने गमावलेला बालनट गुरू होऊन तिच्याच नटाला घडवीत होता.

१२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्याच दिवशी कन्येचे निधन झाले असतानाही नारायणरावांनी भामिनीची भूमिका केली. ही घटना व्यक्तिगत निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. त्यात मंडळीतील शिस्तीच्या संस्काराचाही वाटा मानावा लागेल. त्या संस्काराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र चरित्रकार क्वचितच विचारतात.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. गुरूंचे साहाय्य तेथेही लाभले: १९१६ मध्ये देवलांचे ‘संशयकल्लोळ’ आणि भास्करबुवांच्या चालींचे ‘स्वयंवर’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. इकडे किर्लोस्कर मंडळीने दीनानाथ मंगेशकर या कोवळ्या मुलाला हाताशी धरले. १९१८ मध्ये त्यांनीही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली.