न खाजणारा चट्टा

“खाजत नाही, दुखत नाही, म्हणून दाखवला नाही.” अंगावरच्या फिकट डागाबद्दल हे तुम्हीही कधी म्हणाला असाल. नायटा खाजतो, खरूज रात्री झोपू देत नाही, म्हणून त्यांचे रुग्ण लगेच येतात. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र गप्प असतो. त्या जागेची नसच बधिर झालेली असते.

चंद्रभागेच्या वाळवंटात थाळी घेऊन बसलेले महारोगी पंढरपूरच्या जुन्या पिढीला आठवतात. हा आजार जंतूमुळे होतो हे नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवलं होतं. तरी इंग्रज सरकारने १८९८ मध्ये केलेला कायदा भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देणारा होता. तो रद्द झाला २०१६ मध्ये! लोक डाग का लपवत, ते यावरून कळेल. शिवाय औषध तरी काय होतं? कडू कवठाच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं.

१९४० च्या दशकात डॅप्सोन आलं आणि गोळीने आजार आटोक्यात येऊ लागला. वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. रुग्णाला वसाहतीत आणण्याऐवजी कार्यकर्त्यांनी गावोगाव, घरोघर जाऊन लोकांची त्वचा तपासायची, समजावून सांगायचं आणि तिथेच गोळ्या द्यायच्या, अशी त्यांची पद्धत होती. मला हे औषधाच्या शोधाइतकंच मोठं काम वाटतं. आज आशाताई दारात येऊन “अंगावर कुठे चट्टा आहे का?” विचारतात, त्याची सुरुवात तिथे आहे. त्यांना “काही नाही” म्हणून परत पाठवू नका. पाठीवरचा डाग आपल्याला स्वतःला दिसत नाही.

पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. चट्टे पाचपर्यंत असतील तर साधारण ६ महिने, जास्त असतील तर १२. सरकारी आरोग्य केंद्रात हे मोफत मिळतं. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. दोन्ही तात्पुरतं, घाबरून गोळ्या थांबवू नका.

तपासणीला यंत्र लागत नाही. डॉक्टर तुम्हाला डोळे मिटायला सांगतील, कापसाची वात त्वचेला लावतील आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगतील. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि तिथे स्पर्श कळतो. छाती-पाठीवरची शिबं, मुलांच्या गालावरचे फिकट डाग (ज्यांचं खापर आपण जंतांवर फोडतो) यांतही संवेदना शाबूत असते. पण स्पर्श कळतो म्हणून घरच्या घरी निश्चिंत होऊ नका. काही रुग्णांत बधिर चट्टा नसतोच; त्वचा तेलकट, चकचकीत होते, कानाच्या पाळीवर गाठी येतात.

मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम अशा डागावर चोळू नका. त्याने नायटा पसरतो, आणि कुष्ठरोग असेल तर महत्त्वाचे महिने वाया जातात.

निदान झालं तर ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. हा आजार उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात श्वासावाटे पसरतो आणि बहुतेकांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद असते. घरातल्यांची मात्र तपासणी करून घ्या. पात्र असतील त्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही हातापायाला नव्याने मुंग्या आल्या, पकड सैल झाली किंवा चट्टा अचानक सुजून लाल झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी या. नस तेव्हाच वाचवता येते.