चांदबिबी : एकाची आत्या, दुसऱ्याची चुलती

(१/११) अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरमाथ्यावर दिसणाऱ्या तीन मजली अष्टकोनी वास्तूला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘चांदबिबीचा महाल’ म्हणत आले आहेत. वस्तुतः ती सलाबतखानाची कबर आहे. हा खान चांदबिबीचा भाऊ मुर्तजा निजामशहा याचा वजीर होता. लोकस्मृतीने दुसऱ्याची वास्तू तिला बहाल केली, पण तिचे आयुष्य मात्र तटावरच्या एका तलवारीपुरते आखडून टाकले. या धाग्यात त्या तलवारीमागची नाती पाहू.

(२/११) चांदबिबीचा जन्म सुमारे १५५० चा. पिता हुसेन निजामशहा, माता खुंजा हुमायून. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र फारसी काव्याची हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्या चित्रांत सुलतानाशेजारी राणी रेखाटलेली होती. पुढे बहुतेक चित्रांतून राणीची आकृती पुसून टाकण्यात आली.

(३/११) १५६५ मध्ये हुसेनशहा वारला. मुर्तजा अल्पवयीन असल्याने कारभार आईने हाती घेतला आणि आपल्या माहेरच्या माणसांना मोठी पदे दिली. अमीर बिथरले. सुमारे १५६९ मध्ये खुद्द मुलानेच आईला कैदेत टाकले. पालक म्हणून राज्य चालवणाऱ्या स्त्रीचा आधार किती तकलादू असतो, हे चांदबिबीच्या माहेरीच असे दिसून आले.

(४/११) तोवर चांदबिबी विजापूरची सून झाली होती. विजयनगरविरुद्ध एकत्र येताना दोन्ही घराण्यांनी, आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात, ते केले. चांदबिबी अली आदिलशहाला दिली. अलीची बहीण हदिया सुलताना मुर्तजाला. ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठी दोन्ही राज्ये वारंवार लढली, तो चांदबिबीचे आंदण म्हणून विजापूरला मिळाला. जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या विजयामागे ही सोयरीकही होती.

(५/११) १५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मुलगा नव्हता. गादी आली ती त्याच्या भावाच्या नऊ वर्षांच्या मुलाकडे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाकडे. या पुतण्याची पालक झाली विधवा चुलती चांदबिबी. पण किश्वरखान या सरदाराने सत्ता बळकावून तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. आईचे नशीब लेकीच्याही वाट्याला आले. किश्वरखानाचा पाडाव झाल्यावरच तिची सुटका झाली.

(६/११) पुढे सुमारे १५८४ मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा हिचा विवाह मुर्तजाचा मुलगा मीरान हुसेन याच्याशी ठरला. वऱ्हाडासोबत चांदबिबी नगरला आली. सासरची मुलगी ती आपल्या माहेरी सून म्हणून पोहोचवत होती. साटेलोट्याची दुसरी पिढी सुरू झाली.

(७/११) पण माहेर आतून पोखरले होते. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापाला, मुर्तजाला, ठार केले; १५८९ मध्ये तो स्वतःही मारला गेला. १५९१ मध्ये चांदबिबीचा दुसरा भाऊ बुऱ्हाण तख्तावर आला आणि १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहिम निजामशहा काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना पडला.

(८/११) इथे क्षणभर थांबावे. नगरचा इब्राहिम चांदबिबीचा भाचा. विजापूरचा इब्राहिम पुतण्या, तिने सांभाळलेला. एकाची ती आत्या, दुसऱ्याची चुलती. एकाच्या फौजेने दुसऱ्याचा बळी घेतला.

(९/११) मागे राहिले तान्हे मूल, बहादूर. वजीर मियाँ मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कोंडून भलत्यालाच गादीवर बसवले आणि प्रतिस्पर्ध्यांना शह देण्यासाठी अकबरपुत्र मुरादला गुजरातेतून बोलावणे धाडले. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल नगरच्या किल्ल्याला भिडले. चांदबिबीने भावाच्या या नातवाच्या नावाने द्वाही फिरवली आणि किल्ला लढवला. सुरुंगाने तट ढासळला तेव्हा ती बुरखा घेऊन, चिलखत चढवून खिंडारात उभी राहिली; रातोरात भिंत पुन्हा उभारली. तिच्या मदतीला फौज धाडली ती विजापूरच्या पुतण्याने! फेब्रुवारी १५९६ मध्ये तह झाला : वऱ्हाड गेले, बहादूरची गादी राहिली.

(१०/११) १६०० मध्ये शहाजादा दानियाल पुन्हा वेढा घालून बसला. या खेपेस तिने वेगळा हिशेब मांडला. किल्ला द्यावा, त्याबदली शिबंदीची आणि मुलाची सुरक्षितता मिळवावी, आणि त्याला घेऊन जुन्नरला जावे. हमीदखानाने ‘फितुरी’ म्हणून ओरड केली आणि जमावाने महालात शिरून तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

(११/११) चांदबिबी स्वतः कधीच तख्तावर बसली नाही. तिचा अधिकार दर वेळी एखाद्या लेकराच्या नावाने आला, म्हणूनच कुणीही सरदार तो हिसकावू शकला. पहिल्या वेढ्यात किल्ला आणि मूल दोन्ही राखणे शक्य होते, तेव्हा ती लढली. दुसऱ्या वेढ्यात त्यांतले एकच राखता येणार होते, आणि तिने मूल निवडले. खिंडारातली तलवार आपण स्मरतो. तिच्या शौर्याच्या हिशेबात हा निर्णयही धरायला हवा.