ई-इंक आणि रंगांचें मोल

छापील पानाला स्वतःचा प्रकाश नसतो. खिडकींतून आलेल्या उन्हावर किंवा दिव्याच्या उजेडावर तें जगतें. उजेड जितका अधिक, तितकें तें अधिक स्पष्ट. संगणकाच्या पडद्याची रीत याच्या उलट. तो आपल्याच तेजावर चालतो आणि उन्हांत नेला कीं फिका पडतो. पडद्याला कागदाचा गुण देण्याची जी खटपट झाली तिचेंच नांव ई-इंक. या खटपटींतील रंगाचें प्रकरण विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. कारण कागदाचा शांतपणा आणि चित्राचा रंग हीं दोन्ही एकाच पडद्यावर आणूं गेलें असतां एकाला दुसऱ्यासाठीं कांहीं तरी सोडावें लागतें. कादंबरी वाचणारे वडील आणि चित्रकथा वाचणारीं मुलें यांच्यासाठीं मिळून एकच यंत्र घेण्याचा बेत ज्या घरांत चालला असेल, तेथें हें सोडणें काय असतें तें आधीं समजलेलें बरें.

प्रारंभ कॅलिफोर्नियांतला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनसंस्थेंत निक शेरिडन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ‘गायरिकॉन’ नांवाची युक्ति काढली. एका अंगास काळे व दुसऱ्या अंगास पांढरे असे बारीक मणी तेलांत बसवावयाचे आणि विजेच्या दाबानें फिरवावयाचे. त्याच सुमारास जपानांत मात्सुशिता कंपनींतील इसाओ ओता यांनीं निराळा मार्ग धरला. रंगीत द्रवांत विद्युद्भारित कण सोडावे आणि ते वर किंवा खालीं ओढून आकृति उमटवावी, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना नामी, परंतु कण कालांतरानें एकमेकांस चिकटत आणि एका बाजूस साचत. पुस्तक वाचतांवाचतां अक्षरांचा गाळ तळाशीं बसूं लागला तर वाचकानें करावें काय?

ही अडचण सुटली ती अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट, यांनीं ते कण मोकळ्या द्रवांत न सोडतां केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांत कोंडले. कार्बनशिवाय प्रत उठविणाऱ्या पावतीपुस्तकांत अशाच जातीच्या कुप्या असतात. म्हणजे दुकानदाराच्या वहींतली विद्या ग्रंथालयाच्या उपयोगी पडली. १९९७ सालीं ई इंक कंपनी निघाली आणि १९९८ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत या शोधाचा निबंध आला. २००४ सालीं सोनीनें जपानांत ‘लिब्रिए’ विकावयास काढलें. नोव्हेंबर २००७ मध्यें अमेझॉनचें किंडल आलें. त्या पहिल्या किंडलला करड्या रंगाच्या अवघ्या चार छटा येत होत्या, पण अक्षराला याहून अधिक लागतें तरी काय! शिवाय एकदां उमटलेलें पान टिकवून धरण्यास वीज लागत नसल्यानें यंत्र दिवसेंदिवस चाले.

रंगाचें काम मात्र असें सरळ नव्हतें. २०१० सालीं ई इंकनें ‘ट्रायटन’ पडदा जाहीर केला. त्याची घडण समजली म्हणजे पुढचा बहुतेक इतिहास आपोआप समजतो. खालीं नेहमींचाच काळापांढरा पडदा; त्याच्यावर तांबड्या, हिरव्या व निळ्या इत्यादि चौकटींची एक गाळणी. पांढऱ्या कणांवरून परतणारा प्रकाश या गाळणींतून बाहेर पडतो. पण हा प्रकाश उसना असल्यामुळें त्याला ती गाळणी दोनदां ओलांडावी लागते, एकदां आंत जातांना आणि एकदां बाहेर येतांना. आणि प्रत्येक चौकट आपल्या रंगाखेरीज बाकीचा प्रकाश गिळून टाकते. परिणाम असा कीं, पांढरें पान मळकट दिसूं लागतें. तें उजळावें म्हणून गाळणी फिकी केली तर रंग फिके होतात. काळोख पत्करा किंवा फिकेपणा पत्करा, तिसरी वाट नाहीं.

त्याच वर्षीं आयपॅड बाजारांत आला. चकचकीत रंगांची ज्यांना हौस होती ते तिकडे वळले, यांत नवल नाहीं. क्वालकॉमनें फुलपांखराच्या पंखावरील चमकेचें तत्त्व घेऊन ‘मिरासोल’ पडदा काढला आणि २०११ मध्यें कोरियांत त्याचा ई-रीडरही निघाला. पण तो मार्ग लवकरच सोडून देण्यांत आला. पुढें कित्येक वर्षें पुस्तकाचा रंगीत पडदा जवळजवळ निद्रिस्तच होता.

तो जागा झाला २०२० मध्यें, ‘कॅलिडो’च्या रूपानें. गाळणी तीच, परंतु जाड कांचेवर न बसवितां पडद्याच्या पातळ थरावरच छापलेली. त्यामुळें प्रकाशाची नासाडी कमी झाली. काळीं अक्षरें इंचास ३०० ठिपक्यांनीं आणि रंग १०० ठिपक्यांनीं उमटे. २०२२ च्या ‘कॅलिडो ३’ मध्यें रंगाचे ठिपके १५० झाले. रंगांची संख्या ४०९६. एप्रिल २०२४ मध्यें कोबोनें काढलेलीं ‘क्लारा कलर’ व ‘लिब्रा कलर’ हीं यंत्रें याच पडद्याचीं.

दुसरी शाखा ‘गॅलरी’ची. हींत गाळणी मुळींच नाहीं. निळसर, किरमिजी, पिवळे व पांढरे असे चार प्रकारचे कण एकाच कुपींत असून विजेच्या दाबाच्या निरनिराळ्या क्रमांनीं हवा तो थर वर आणला जातो. रंग भरीव येतो, पण त्याची किंमत काळांत मोजावी लागते. आरंभीं एका रंगीत पानाला दहा सेकंदांच्या घरांत वेळ लागे. ‘गॅलरी ३’ मध्यें उत्तम रंगासाठीं दीड सेकंद लागतो असें कंपनी सांगते. निबंध वाचणारा तेवढें थांबेल. चित्रकथेंत खलनायक दाराशीं आला असतां मूल थांबेल काय?

चित्रकथांचा स्वतःचा इतिहास येथें थोडा उपयोगी पडतो. अमेरिकन चित्रकथा दीर्घकाळ मोजक्या रंगांत आणि ठिपक्यांनीं छापल्या जात. १९६७ पासून निघालेल्या अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ही सपाट रंगांच्या व ठळक काळ्या रेषेच्या. अशा चित्रांना कॅलिडोचा फिकेपणा फारसा बाधत नाहीं; जुन्या, ऊन लागलेल्या अंकासारखीं तीं दिसतात, आणि आमच्या मतें तें कांहीं वाईट नव्हे. जपानी मांगा तर बहुधा काळ्यापांढऱ्यांतच असते. तिच्यासाठीं रंगीत पडदा घेणें हा निव्वळ अपव्यय. खरी अडचण रंगाहून आकाराची आहे. अमेरिकन चित्रकथेच्या पानाचा कर्ण सुमारें बारा इंच. सात इंचांच्या पडद्यावर त्या पानाचा जेमतेम एक तृतीयांश विस्तार मावतो आणि संवादांचीं अक्षरें मुंगीएवढीं होतात. चित्रकथाच वाचावयाच्या असतील तर दहा इंचांहून लहान पडदा घेऊं नये.

आणि मजकूर? किंडलवर मराठी पुस्तकें २०१६ पासून मिळूं लागलीं. देवनागरींत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे बारीक फांटे यांवर दृष्टीला सतत काम असतें. गाळणी नसलेला काळापांढरा पडदा त्यांना अधिक उजळ भूमि देतो. रंगीत पडद्यावर तीं अक्षरें तितकींच बारीक उमटतात खरीं, पण मळकट भूमीवर. म्हणून कडेचे दिवे लावावे लागतात, आणि उसन्या उजेडाचा जो मूळ लाभ, तो तेवढ्यापुरता उणा होतो. यंत्र पाहावयास जाणाऱ्यानें तो दिवा विझवावा, तें खिडकीशीं न्यावें, आणि एक पान कादंबरीचें व एक चित्रकथेचें अशीं दोन्ही पानें उघडून पाहावीं.